गांजाचं व्यसन : मारून-शपथ घालून का सुटत नाही, आणि कशाने सुटतं

मोहल्ल्यात एखादं पोरगं गांजा ओढतंय हे घरी कळलं की पुढचं सगळं ठरल्यासारखं होतं. अब्बा हात उचलतात, अम्मी रडते, मामा-चाचा येऊन शपथ घ्यायला लावतात. पोरगं शपथ घेतं, चार दिवस घरात बसतं आणि पाचव्या दिवशी पुन्हा त्याच मित्रांत दिसतं. मग सगळे म्हणतात, "हा आता हाताबाहेर गेला."

खरं तर शपथ घेताना ते पोरगं बहुतेक वेळा खोटं बोलत नसतं. त्या घडीला त्याला खरंच सोडायचं असतं. पण सोडायची इच्छा एक आणि सोडल्यानंतरचे दिवस काढायची तयारी दुसरी. ती तयारी करून देणं, हेच मानसोपचाराचं काम आहे.

प्रश्न किती मोठा?

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेली पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेणारे सुमारे ३ कोटी १० लाख लोक आहेत, आणि त्यासाठी मदतीची गरज असलेले सुमारे ७२ लाख. म्हणजे घेणारा प्रत्येक जण व्यसनी होत नाही. पण कमी वयात सुरुवात झाली की धोका वाढतो.

"गांजा झाडपाल्याचा, त्याची सवय लागत नाही," असं पोरं सांगतात. हे चूक आहे. रोज ओढणाऱ्याने एकदम बंद केलं की एक-दोन दिवसांत चिडचिड, बेचैनी सुरू होते. झोप उडते, जेवण जात नाही, घाम येतो, विचित्र स्वप्नं पडतात. पहिला आठवडा सगळ्यात वाईट. साधारण दोन आठवड्यांत त्रास उतरतो, झोपेला मात्र जास्त दिवस लागू शकतात. आपल्याकडे गांजा बहुधा तंबाखूत मिसळून ओढतात, म्हणून तंबाखूची तलफही सोबत येते. घरच्यांना हे माहीत नसलं की ते म्हणतात, "सोडलं तरी माज बघा याचा!" आणि तिथंच गाडी घसरते.

गांजा सोडवणारी खात्रीची गोळी अजून निघालेली नाही. झोपेसाठी, बेचैनीसाठी डॉक्टर थोडे दिवस औषध देतात. मुख्य उपचार आहे तो बोलण्याचा.

बोलून काय होतं?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये एक पद्धत मांडली. व्यसनी माणसाच्या मनात दोन्ही बाजू असतात, सोडावं वाटतं आणि सोडू नये असंही वाटतं. आपण सोडण्याची बाजू जोरात मांडली की तो आपोआप दुसरी बाजू मांडायला लागतो. म्हणून समुपदेशक भांडत नाही, विचारतो. समजा असं बोलणं झालं :

"गांजा सोडायची तयारी दहापैकी किती आहे?"

"चार असंल, सर."

"चार का? एक का नाही?"

"अम्मी रात्रभर जागी असते हो. आणि गॅरेजमध्ये शेठ दोनदा बोललाय. काम गेलं तर घर कसं चालायचं?"

सोडायची कारणं पोरग्याच्याच तोंडून आली. तेच "दहा का नाही?" असं विचारलं असतं तर त्याने अडचणींचा पाढा वाचला असता. दुसऱ्याने दिलेलं कारण माणूस विसरतो, स्वतः बोललेलं मनात राहतं.

प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे या संशोधकांनी बदलाच्या पायऱ्या सांगितल्या आहेत : प्रश्नच न मानणं, विचारात पडणं, तयारी, प्रत्यक्ष कृती, आणि ती टिकवणं. जो अजून "मला काय झालंय?" म्हणतोय त्याला थेट शेवटच्या पायरीवर ओढलं तर तो पडणारच.

तयारी झाली की दुसरा भाग येतो, रोजच्या सवयीचा. तलफ कधी येते? पगाराच्या दिवशी, ठरावीक कट्ट्यावर, की घरी भांडण झाल्यावर? त्याची यादी करायची. त्या वेळी कुठं जायचं, कुणाला फोन करायचा, मित्राला काय सांगून टाळायचं, हे आधीच ठरवायचं आणि बोलून सराव करायचा. तलफ लाटेसारखी असते, थोडा वेळ दम धरला की ओसरते.

अमेरिकेत ४५० प्रौढांवर झालेल्या अभ्यासात (२००४) दोन्ही भाग मिळून नऊ बैठका घेणाऱ्यांचा गांजा दोन बैठका घेणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झाला, आणि दोन बैठकाही काहीच न मिळण्यापेक्षा बऱ्या ठरल्या. सगळ्यांचा पूर्ण सुटला असं मात्र नाही. म्हणून सबुरी लागते.

तौबा आणि पाय घसरणं

इस्लाममध्ये नशा हराम आहे, त्यात दुमत नाही. पण तौबेच्या अटी बघा : ते काम थांबवणं, मनापासून पस्तावा, आणि पुन्हा न करण्याचा इरादा. तिन्ही गोष्टी माणसाच्या आतल्या आहेत, बाहेरून मारून आणता येत नाहीत. आणि तौबा तुटली तर दरवाजा बंद होत नाही. उपचारही हेच सांगतो. एकदा पाय घसरला तर "सगळं संपलं" न म्हणता कशामुळे घसरला ते शोधायचं.

घरी लघवी तपासून पोरग्याला खोटं ठरवू नका. रोज ओढणाऱ्याची तपासणी सोडल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते.

पोलिसांची भीती

पुष्कळ घरं पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात जात नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे आजारही येतात, आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क त्यात आहे. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या (१९८५) कलम ६४ अ नुसार, सेवनाचा किंवा थोड्या मालाचा गुन्हा असलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. अट एकच, उपचार अर्ध्यात सोडायचा नाही. विकणाऱ्याला ही सवलत नाही.

कोल्हापुरात कुठं जायचं?

सीपीआर रुग्णालयात केसपेपर काढून मानसोपचार विभागात दाखवा. फोनवर सल्ला हवा तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत. पोरगं यायला तयार नसेल तर आई-बापांनी तरी आधी जाऊन बोलावं. कानात आवाज येणं, सगळ्यांवर संशय घेणं किंवा जीव द्यायची भाषा, असं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

शाहू महाराजांनी १९०६ मध्ये इथं मुस्लिम बोर्डिंग उभं केलं, ते पोरांनी शिकून पुढं जावं म्हणून. आज त्याच पोरांसाठी जुम्म्याच्या बयानात दोन मिनिटं या उपचाराची माहिती देता येईल. मशिदीत येणाऱ्या पोराला "आला बघा गंजेडी" म्हणून टोमणा मारायचा, की सलाम करून शेजारी जागा द्यायची, हे तर आपल्याच हातात आहे.