गोमाशीचा प्ररूप

पावसाळ्यात जालना जिल्ह्याच्या शिवारात बैलांना हैराण करणारी मोठी माशी म्हणजे गोमाशी. तिची मादीच तेवढी रक्त पिते आणि जनावरांत ‘सर्रा’ हा घातक रोग पसरवते. म्हणून गोमाशीची जात नेमकी ओळखणे अगत्याचे असते. ज्या नमुन्यावरून जातीचे नाव प्रथम निश्चित होते, त्यास ‘प्ररूप’ म्हणतात. १९१६ साली कोलकात्यात स्थापन झालेल्या भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेत गोमाश्यांचे असे नमुने टाचणीला टोचून जतन केलेले आहेत. टाचणीवरील इवल्याशा चिठ्ठीत स्थळ, दिनांक व संग्राहकाचे नाव असते. सूचीकार तो मजकूर जसाच्या तसा सूचीत उतरवून घेतो. चिठ्ठी हरवली, तर माशी उरते. तिची साक्ष मात्र नाहीशी होते.