कोंबडखताचा ढीग

कोंबड्यांचे खुराडे झाडताना नाकाला झोंबणारा उग्र दर्प तुम्ही कधी घेतला आहे काय? तो दर्प अमोनिया नावाच्या वायूचा. कोंबडी निराळे मूत्रविसर्जन करीत नाही. तिच्या शिटेवर जो पांढरा थर दिसतो, त्यातच मूत्रातील नत्र साठलेले असते. म्हणून शेणापेक्षा या शिटेत नत्र पुष्कळ अधिक. नत्र तर पिकांचे अन्न होय. तेच अमोनियाच्या रूपाने उडून जाते. दर्प सुटला की समजावे, शेतकऱ्याचे धन वाऱ्यावर चालले!

मग ही शीट तशीच शेतात टाकली तर? पुष्कळांनी तसे करून पाहिले आहे, आणि मिरचीची कोवळी रोपे करपलेली पाहून कपाळाला हात लावला आहे. इतके तीव्र अन्न कोवळ्या मुळांना सोसत नाही. शिवाय ताज्या शिटेत रोगजंतू असू शकतात. ते भाजीपाल्यावाटे घरात येतात.

भाताचे तूस, उसाचे पाचट, लाकडाचा भुसा यांची गोष्ट नेमकी उलट. त्यांत कर्ब विपुल, परंतु नत्र अगदी थोडे. त्यामुळे नुसता भुसा फार सावकाश कुजतो. कुजविण्याचे काम करणाऱ्या सूक्ष्म जीवांना दोन्ही हवीत. नत्राच्या एका भागास कर्बाचे २५ ते ३० भाग मिळाले की ते झपाट्याने कामाला लागतात. शिटेत कर्बाचे भाग जेमतेम १०, तर भुशात २०० हून अधिक. म्हणून एक पाटी शिटेत दोन-तीन पाट्या काडीकचरा मिसळतात. काडीकचऱ्यामुळे ढीग पोकळ राहून आत हवाही खेळते. नुसती शीट रचली तर तिचा लगदा होतो, हवा कोंडते आणि दुर्गंधी सुटते.

काडीकचरा व जनावरांचे मलमूत्र यांचा असा मेळ इंदूर येथे १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्या सहकार्याने घातला. ती 'इंदूर पद्धत' पुढे जगभर गेली. कापसाच्या व तुरीच्या कठीण काड्या तेथे शेतातील गाडीवाटेवर पसरीत. चाकांखाली त्या आपोआप चिरडत. युक्ती साधीच, पण किती कामाची! तेथे शेण वापरीत. कोंबडीच्या शिटेलाही तत्त्व तेच लागू पडते.

ढीग छातीइतका उंच रचावा. लहान ढिगात ऊब टिकत नाही. ओल इतकीच असावी, की मूठभर मिश्रण पिळले असता एक-दोन थेंबच यावेत. काही दिवसांतच ढीग आतून ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. लोखंडी सळई खुपसून थोड्या वेळाने बाहेर काढा, चटका बसेल. जपून हात लावा. ही उष्णता त्या सूक्ष्म जीवांचीच. तीत रोगजंतू व तणांचे बी मरते. परंतु ढिगाची कड थंडच राहते. म्हणून ढीग अधूनमधून उलथून कडेचा माल आत घालावा लागतो. हा कंटाळा केला की खत फसलेच.

सुमारे तीन-चार महिन्यांनी ढीग खचून बराच लहान होतो. शीट कोणती, पाचट कोणते, हे ओळखू येत नाही. तूस तेवढे चिवट. त्याचे तुकडे शेवटपर्यंत दिसतात, पण त्याने काही बिघडत नाही. उग्र दर्प जाऊन आता पहिल्या पावसात भिजलेल्या मातीचा वास येतो. हे खत ओंजळभर मिरचीच्या बुंध्याशी घातले, तर रोपे करपत नाहीत.