व्हिसा कंपनीचा, मग कर्ज आईबापाचे का?

रविवारची वंदना संपली की आमच्या बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या विहारांत आता एक नवा विषय निघतो. कुणाची मुलगी इंजिनिअर झाली, कुणाचा मुलगा कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला आणि आता अमेरिकेला जायचे म्हणतो. ज्या बापाने अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत हयात घालविली, ज्या आईने उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापून मुलांच्या फिया भरल्या, त्यांचा ऊर भरून येतो. आम्हालाही अभिमान वाटतो. पण अशाच एका घरी गेलो असता कळले की, राहती खोली गहाण टाकण्याची बोलणी चालू आहेत. ‘व्हिसा करून देतो’ म्हणणाऱ्या एका माणसाने काही लाख रुपये मागितले होते. हे पैसे कशाचे, असे आम्ही विचारले. घरात कुणालाच सांगता येईना. म्हणून हा लेख.

कागद कुणाच्या नावाचा?

ज्या कामाला पदवी लागते, अशा कामासाठी परदेशी माणूस ठरावीक मुदतीपुरता नोकरीवर घ्यायचा, तर अमेरिकेत एच-वन-बी नावाचा व्हिसा लागतो. १९९० च्या कायद्याने तो सुरू झाला. प्रथम तीन वर्षे आणि वाढवून साधारणपणे एकूण सहा वर्षे, अशी त्याची मुदत असते. मुख्य गोष्ट ही की, त्यासाठी अर्ज आपण करीत नाही, तिकडची कंपनी करते. नोकरी देणारी कंपनी नाही तर व्हिसाही नाही. कोणताही एजंट तो बाजारातून विकत आणून देऊ शकत नाही.

दरवर्षी ६५,००० जागा आणि अमेरिकेत मास्टर्स झालेल्यांसाठी आणखी २०,००० जागा असतात. अर्ज त्याहून कितीतरी जास्त येतात. म्हणून मार्चमध्ये कंपन्यांनी नावे नोंदवायची, मग सोडत निघते आणि नंबर लागलेल्यांचे काम ऑक्टोबरपासून सुरू होते. डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नियमाने सोडतीत जास्त पगाराच्या जागेला जास्त संधी दिली आहे. तेव्हा ‘नंबर लावून देतो, गॅरंटी आमची’ असे कुणी म्हणाला, तर तो फसवतो आहे हे ओळखावे.

आपली अनेक मुले तीन वर्षांची पदवी घेतात. अमेरिकेतील पदवी चार वर्षांची असते. कमी पडणाऱ्या एका वर्षासाठी त्याच कामाचा तीन वर्षांचा अनुभव धरण्याची सोय नियमात आहे. मात्र तो अनुभव खरा पाहिजे. खोटे अनुभवपत्र विकणारेही हिंडत असतात. आपण रोज पंचशील म्हणतो. त्यातील चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे. शिवाय खोटा कागद पकडला गेला, तर अमेरिकेचे दार कायमचे बंद होऊ शकते.

खर्च कुणाचा?

कंपनीच्या अर्जाची फी आणि तिच्या वकिलाचा खर्च कंपनीने सोसायचा असतो, तो नोकराच्या पगारातून कापता येत नाही. पासपोर्ट आणि मुलाखतीची फी आपल्याकडे येऊ शकते, पण ती हजारांत असते, लाखांत नव्हे. भारताच्या १९८३ च्या कायद्यानेही परदेशी नोकरीसाठी माणसे पाठविणाऱ्या एजंटाला सरकारी नोंदणी सक्तीची केली. नोंदणीचा नंबर मागा. जो दाखवीत नाही, त्याच्या दारात पुन्हा जाऊ नका.

सप्टेंबर २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी, अमेरिकेबाहेरच्या माणसासाठी नवा अर्ज करणाऱ्या कंपनीला १ लाख डॉलर भरावे लागतील, अशी बारा महिन्यांसाठी घोषणा केली. इथून थेट नोकरीवर जाण्याची वाट त्यामुळे अरुंद झाली. तिथे शिकत असलेल्या मुलाने तिथेच राहून व्हिसा बदलला तर ही रक्कम लागत नाही, असा खुलासा ऑक्टोबर २०२५ मध्ये झाला. म्हणजे शिक्षणाची वाट पुन्हा महत्त्वाची ठरली. आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच आहे. खोली गहाण टाकण्याआधी तिचा अर्ज भरावा.

नोकरी गेली तर?

नोकरी सुटली की साधारण ६० दिवसांत दुसरी कंपनी शोधून तिच्याकडून अर्ज करून घ्यावा लागतो, नाही तर परतावे लागते. मुदतीआधी कंपनीने काढले, तर परतीचे भाडे कंपनीने द्यायचे असते. काम नाही म्हणून घरी बसविले, तरी पगार द्यावा लागतो. पगार किती, काम कोणते, हे कंपनीने तिथल्या कामगार खात्याला लिहून दिलेले असते. त्याची प्रत कामावर हजर होण्याच्या दिवसापर्यंत आपल्याला मिळालीच पाहिजे. ती जपून ठेवावी.

सोबत जाणाऱ्या पत्नीला किंवा पतीला लगेच नोकरी करता येत नाही. जोडीदाराची कायम वास्तव्याची प्रक्रिया एका टप्प्यापर्यंत पोचली, तरच २०१५ पासून तशी परवानगी मिळते. शिकलेल्या मुलीचे लग्न ठरविताना माता-भगिनींनी हेही विचारावे.

या साठ दिवसांच्या भीतीपोटी माणूस अन्याय मुकाट्याने सोसतो, आणि जातही विमानातून सोबत जाते. एका दलित इंजिनिअरला जातीवरून त्रास झाला म्हणून कॅलिफोर्निया राज्याने २०२० साली सिस्को कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला कायद्याने बंदी केली. तेव्हा तक्रार करता येते, हे आपल्या मुलांना सांगून ठेवावे.

बाबासाहेब १९१३ साली बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात गेले. तीही मुदतीची होती. मुदत संपल्यावर लंडनचा अभ्यास अर्धा टाकून १९१७ साली त्यांना परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा गेले आणि अभ्यास पुरा केला. मुदतीचा कागद ही नामुष्की नव्हे. पण त्यावर काय लिहिले आहे, ते वाचूनच सही करावी.

येत्या रविवारी वंदनेनंतर हा लेख विहारात मोठ्याने वाचावा. कुणाच्या घरी अशी बोलणी चालू असतील, तर त्यांना तीन प्रश्न विचारावेत. कंपनीचे नाव काय? नोकरीचे पत्र कुठे आहे? आणि पैसे कशाचे? उत्तर मिळेपर्यंत खोलीचे कागद कपाटातच राहू द्या.

जयभीम! नमो बुद्धाय!