विश्लेषण : जगज्जेता ओजस पॅरिस ऑलिम्पिकमध्ये का नव्हता?

बर्लिन, ऑगस्ट २०२३. नागपूरच्या ओजस देवतळेचे पंधराही बाण दहा गुणांच्या वर्तुळात लागले आणि पोलंडचा लुकाश प्शिबिल्स्की १५०-१४९ असा हरला. दोन महिन्यांनी हांगझो आशियाई स्पर्धेत ओजसने तीन सुवर्णपदके जिंकली. तरी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये दोघेही नव्हते.

कारण काय?
दोघांचे धनुष्य ‘कम्पाउंड’, म्हणजे टोकांना कप्पी असलेले. ऑलिम्पिकमध्ये फक्त ‘रिकर्व्ह’ चालत असे. पोलंडची १९७२ आणि १९९६ ची तिरंदाजी पदकेही रिकर्व्हचीच.

पुढे काय?
२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कम्पाउंडचा समावेश आहे. पण फक्त मिश्र जोडीसाठी. म्हणजे देशातून एक पुरुष, एक महिला. गडचिरोली-चंद्रपूरच्या होतकरू तिरंदाजांनी धनुष्य निवडतानाच हे गणित लक्षात घेतलेले बरे.