आपला पेपर आपणच तपासायचा

रेडक्रॉस महासंघाच्या जुन्या पत्रकांच्या तळाशी एक आकडा हमखास छापलेला असे : ९ कोटी ७० लाख. जगभरातल्या रेडक्रॉस आणि रेड क्रेसेंट संस्थांचे सदस्य आणि स्वयंसेवक मिळून इतकी माणसे. हल्ली महासंघ जो आकडा सांगतो तो दीड-पावणेदोन कोटींच्या आसपास असतो. मधल्या वीसेक वर्षांत आठ कोटी माणसे रुसून घरी बसली, असे काही झालेले नाही. मोजायची रीत बदलली. सदस्य वेगळे काढले आणि स्वयंसेवक कोणाला म्हणायचे याची व्याख्या ठरवली : वर्षभरात निदान चार तास काम केलेला माणूस. चार तास म्हणजे रविवारची एक सकाळ. अट इतकी ढिली ठेवूनही आकडा असा बसला, यावरून आधीची मोजणी कशी होत असावी याचा अंदाज येतो. ती मोजणी करत होत्या त्या त्या देशांतल्या संस्था. आजही त्याच करतात.

या महासंघाला सदस्य संस्थांकडून त्यांचेच मूल्यमापन करून घ्यावे लागते, आणि त्याचे कारण महासंघाच्या जन्मातच आहे. रेडक्रॉस म्हटले की आपल्याला हेन्री द्यूनां, १८५९ ची सोल्फेरिनोची लढाई आणि जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय समिती आठवते. ती समिती १८६३ ची, स्विस लोकांची, युद्धातल्या जखमींसाठी आणि कैद्यांसाठी काम करणारी. महासंघ वेगळा. पहिले महायुद्ध संपल्यावर, ५ मे १९१९ रोजी, अमेरिकन रेडक्रॉसच्या युद्धकाळातल्या कारभाराची धुरा वाहिलेल्या हेन्री डेव्हिसन यांच्या पुढाकाराने तो पॅरिसमध्ये स्थापन झाला. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, इटली आणि जपान या पाच देशांच्या संस्था त्याच्या संस्थापक. तेव्हाचे नाव ‘लीग’. आजचे नाव १९९१ पासूनचे. सदस्यसंख्या आता १९० च्या घरात आहे. आमसभेत प्रत्येक संस्थेला एकच मत : कोट्यवधी डॉलर गोळा करणाऱ्या अमेरिकन रेडक्रॉसलाही एक आणि दहा-अकरा हजार वस्तीच्या तुवालूच्या संस्थेलाही एक. म्हणजे महासंघाचे सचिवालय हे सदस्यांचे नोकर. नोकराने मालकाची झडती घ्यायची कशी? मालकालाच म्हणायचे, ‘साहेब, एकदा तुम्हीच कपाट उघडून बघा.’

दारात मात्र परीक्षा आहे आणि ती कडक आहे. १९८६ च्या नियमावलीत दहा अटी आहेत. देश स्वतंत्र हवा आणि तिथे जिनिव्हा करार लागू हवा. देशात अशी संस्था एकच हवी. सरकारची मान्यता हवी, पण कारभार स्वायत्त हवा. काम देशभर पसरलेले हवे. सदस्य घेताना वंश, लिंग, वर्ग, धर्म, राजकीय मत पाहता कामा नये. आंतरराष्ट्रीय समिती मान्यता देते, मग महासंघ प्रवेश देतो. या अटींपायी दशकानुदशके वादही झाले. इस्रायलची मागेन दाविद आदोम आणि पॅलेस्टाइनची रेड क्रेसेंट या दोन संस्थांना २००६ मध्ये एकदमच आत घेतले गेले, तेही लाल स्फटिक हे तिसरे बोधचिन्ह मान्य करणारा करार झाल्यावर.

ही परीक्षा आयुष्यात एकदाच. नंतर देश बदलतात, सरकारे उलथतात, अध्यक्ष वीस-वीस वर्षे खुर्ची सोडत नाहीत, शाखा कागदावर उरतात. सोमालियात १९९१ साली केंद्रीय सरकारच कोसळले. तिथली रेड क्रेसेंट मात्र मोगादिशू आणि हर्गेसा अशा दोन्ही ठिकाणांहून दवाखाने चालवत राहिली. उलट ज्यांच्या फायलीत सर्व दाखले जागच्या जागी आहेत, पण पूर आला की जिल्ह्यात कोणी फिरकत नाही, अशाही संस्था असू शकतात. दहा अटींना या दोघींतला फरक दिसत नाही. डोनाल्ड टॅन्स्ली या कॅनेडियन गृहस्थांनी १९७५ मध्ये रेडक्रॉसच्या एकूण कामाचा झाडा घेणारा मोठा अहवाल दिला, तेव्हा त्यांनी दाखवलेले मुख्य दुखणे म्हणजे आपले मूळ काम कोणते याबद्दल या सगळ्यांत एकवाक्यताच नव्हती. काम कोणते हे ठरलेले नसेल, तर ते नीट होते आहे की नाही हे मोजणार कशाने?

मोजपट्टी यायला १९९० च्या दशकाचा मध्य उजाडला. ‘नीट चालणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची लक्षणे’ अशा अर्थाची एक यादी महासंघाने केली. पाया, क्षमता आणि कामगिरी असे तिचे ढोबळ भाग. त्यावरून प्रश्नावल्या निघाल्या आणि मुख्यालयांकडे गेल्या. प्रश्नावली टपालाने येणार आणि कचेरीतला एक अधिकारी ती भरून वरिष्ठांच्या सहीने परत धाडणार, तर उत्तरे काय येतील हे सांगायला ज्योतिषी नको. आपला तो बाब्या.

खरा बदल झाला तो २०११ च्या सुमारास. संघटनात्मक क्षमतेचे मूल्यमापन आणि प्रमाणीकरण करणारी एक नवी पद्धत आली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘ओकॅक’ म्हणतात. तिच्यात पाच क्षमता तपासतात : अस्तित्व टिकवण्याची, संघटन करण्याची, लोकांशी व इतर संस्थांशी जोडून घेण्याची, काम पार पाडण्याची आणि बदलत वाढत राहण्याची. त्यांच्या पोटात ऐंशीच्या आसपास मुद्दे. घटनेत पदाधिकाऱ्यांच्या मुदतीला मर्यादा आहे का? हिशेबांचे बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून ऑडिट होते का? स्वयंसेवकांचा विमा आहे का? मुख्यालयाला आपल्या शाखा कुठे आणि कशा आहेत हे माहीत आहे का? प्रत्येक मुद्द्याला पायऱ्या आहेत आणि एका ठरावीक पायरीखाली असाल तर किमान पातळी गाठलेली नाही.

मला या पद्धतीतले हुशारीचे काम पायऱ्यांत वाटत नाही, खोलीत वाटते. कागद टपालाने जात नाही. अध्यक्ष, सरचिटणीस, खजिनदार, शाखांची माणसे, पगारी कर्मचारी आणि स्वयंसेवक काही दिवस एका खोलीत बसतात. चर्चा चालवायला प्रशिक्षित माणसे येतात, त्यांत दुसऱ्या देशांच्या संस्थांतलेही असतात. ती गुण देत नाहीत, विचारत राहतात. मुद्दा वाचला जातो आणि आपण कोणत्या पायरीवर आहोत यावर सगळ्यांचे एकमत व्हावे लागते. अध्यक्ष सांगणार, ‘स्वयंसेवक धोरण आहे आपल्याकडे, कार्यकारिणीने मंजूर केलेले.’ ते ज्याच्यासाठी केले तो स्वयंसेवक समोरच बसला आहे आणि त्याने ते कधी पाहिलेले नाही. आता गुण द्या. पहिली फेरी अशी स्वतःची. पुढे प्रमाणपत्र हवे असेल तर दुसऱ्या फेरीत इतर राष्ट्रीय संस्थांची माणसे येऊन तपासतात. पहिलीचा उत्साह दुसरीला राहत नाही, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे.

याच पद्धतीचे छोटे रूप शाखांसाठी आहे, एक-दोन दिवसांत उरकणारे. आपत्तीच्या तयारीसाठी आणखी एक, युद्धग्रस्त भागात सुरक्षितपणे पोहोचण्यासाठी आंतरराष्ट्रीय समितीचे आणखी एक. मूल्यमापनांची आता थोडी गर्दीच झाली आहे, आणि एका छोट्या बेटावरच्या संस्थेत ही सगळी कागदपत्रे भरणारा माणूस बहुधा एकच असतो.

शाखेचा मुद्दा आपल्याला जवळचा. भारतीय रेडक्रॉस सोसायटी १९२० च्या पंधराव्या अधिनियमाने स्थापन झाली. राष्ट्रपती तिचे अध्यक्ष, राज्य शाखेचे अध्यक्ष राज्यपाल आणि जिल्ह्यात बहुतेक ठिकाणी जिल्हाधिकारी. या रचनेचा फायदा उघड आहे : महापूर आला की जिल्हाधिकाऱ्यांच्या एका फोनवर ट्रक उभे राहतात, गोदाम उघडते. पण शाखा आपले मूल्यमापन करायला बसली आणि प्रश्न आला, ‘शाखा सरकारपासून स्वतंत्रपणे निर्णय घेते का?’, तर टेबलाच्या टोकाला कलेक्टरसाहेब बसलेले असताना ‘नाही’ म्हणून हात कोण वर करणार? पुढच्या महिन्यात रक्तपेढीच्या जागेचा प्रस्ताव त्यांच्याच टेबलावर जायचा असतो. हा कुणा एका साहेबाचा दोष नव्हे. रेडक्रॉसची प्रत्येक राष्ट्रीय संस्था सरकारची मानवतावादी कामातली सहायक असते आणि स्वायत्तही असते. दोन्ही एकाच वेळी. रेडक्रॉसच्या २००७ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेने एवढे स्पष्ट केले की, तटस्थतेसारख्या मूलतत्त्वांविरुद्ध जाणारे काम सरकारने सांगू नये, आणि सांगितलेच तर संस्थेने नकार द्यावा. ठरावात हे लिहिणे सोपे आहे. जिल्ह्याच्या बैठकीत नकार द्यायला माणूस लागतो.

स्वतःची खरोखर कठोर तपासणी करून ती जगासमोर मांडल्याचे ठळक उदाहरण अमेरिकेचे, आणि ते कुठल्याही प्रश्नावलीतून आलेले नाही. २००५ मध्ये कॅटरिना वादळात अमेरिकन रेडक्रॉसची अब्रू गेली. मदत उशिरा पोचली, कारभारावर टीका झाली, त्याच डिसेंबरात संस्थेच्या प्रमुख पायउतार झाल्या, सिनेटमधून चौकशीचा दबाव आला. संस्थेच्या नियामक मंडळाने आपल्याच रचनेचा अहवाल करवून घेतला. तो ऑक्टोबर २००६ मध्ये बाहेर आला. निष्कर्ष बोचरा होता : पन्नास जणांचे मंडळ फार मोठे आहे, त्यातले सरकारी अधिकारी नावापुरते आहेत, आणि मंडळ देखरेख सोडून व्यवस्थापनात ढवळाढवळ करते. मे २००७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा बदलला. मंडळ टप्प्याटप्प्याने वीसपर्यंत खाली आणायचे ठरले, तक्रारींसाठी लोकपालाचे पद आले. पन्नास जणांनी आपल्यातल्या तीस खुर्च्या काढून टाकण्याची शिफारस स्वीकारणे ही सोपी गोष्ट नाही.

आणि तरीही. २०१० च्या भूकंपानंतर हैतीसाठी याच संस्थेने जवळजवळ ५० कोटी डॉलर जमवले. २०१५ मध्ये दोन अमेरिकी वृत्तसंस्थांनी शोध घेतला, तेव्हा त्यांना संस्थेने बांधलेली कायमस्वरूपी घरे सहा सापडली. संस्थेचे म्हणणे होते की, आम्ही १ लाख ३० हजारांवर लोकांना घरांची सोय करून दिली. त्यात तात्पुरते निवारे होते, भाड्याची मदत होती, दुरुस्ती होती. दोन्ही आकडे आपापल्या व्याख्येत खरे. चार तासांचा स्वयंसेवक आणि छप्पर मिळालेले कुटुंब, दोन्हींत काय मोजले हे विचारल्याशिवाय आकड्याला अर्थ येत नाही. मंडळ सुधारले म्हणजे काम सुधारले असे नाही. मूल्यमापनाच्या बहुतेक चौकटी पहिल्याबद्दल भरभरून विचारतात आणि दुसऱ्याबद्दल जपून.

मोजणी करायला सांगणाराही धुतल्या तांदळासारखा नव्हता. २०१४ ते २०१६ या काळात पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ होती. तिच्या निधीतून सुमारे ६० लाख डॉलर गैरव्यवहारात गेल्याचे महासंघाने २०१७ मध्ये स्वतःच जाहीर केले : सिएरा लिओनमध्ये बँकेतल्या आणि महासंघाच्या माणसांच्या संगनमताने, गिनीत सीमाशुल्काच्या खोट्या बिलांतून, लायबेरियात फुगवलेल्या किमती आणि पगारांतून. हे पकडले ते लेखापरीक्षणाने आणि तपासाने. पायरी ठरवण्याच्या चर्चेत संगनमत हात वर करून उभे राहत नाही.

मूल्यमापनात पैशांचाही एक पेच आहे. दुबळ्या संस्थांच्या उभारणीसाठी महासंघ आणि आंतरराष्ट्रीय समिती यांनी मिळून २०१९ पासून एक संयुक्त निधी चालवला आहे. त्यातून एका संस्थेला पाच वर्षांत १० लाख स्विस फ्रँकपर्यंत मिळू शकतात. मोठी रक्कम मागायची तर आपली दुखणी नेमकी माहीत असल्याचे दाखवावे लागते. म्हणून गुण फार चांगले असूनही चालत नाही आणि फार वाईट असूनही चालत नाही : मदतीची गरज वाटावी इतके कमी, आणि पैसे बुडणार नाहीत असा भरवसा वाटावा इतके जास्त. मूल्यमापन निव्वळ शिकण्यासाठी आहे असे कितीही सांगितले, तरी खोलीतल्या खजिनदाराला हे गणित कळते.

सर्वांत अवघड प्रकरण बेलारूसचे. २०२३ च्या उन्हाळ्यात तिथल्या रेडक्रॉसचे सरचिटणीस रशियाने व्यापलेल्या युक्रेनी प्रदेशात जाऊन आले आणि युक्रेनी मुलांना बेलारूसमध्ये आणण्याच्या कामात आपली संस्था सहभागी असल्याचे त्यांनी दूरचित्रवाणीवर सांगितले. महासंघाच्या घटनेत २००७ पासून नियमपालनासाठी एक समिती आहे, चौकशी झाली. नियामक मंडळाने ऑक्टोबरात सांगितले की, ३० नोव्हेंबरपर्यंत या गृहस्थांना पदावरून काढा. संस्थेने काढले नाही. १ डिसेंबरला सदस्यत्व निलंबित झाले. तटस्थता पाळता का, असा प्रश्न कोणत्याही फॉर्मात टाकता येईल. पण उत्तर देणारा सरचिटणीसच असेल आणि आपण करतो ते बरोबरच आहे असे त्याला मनापासून वाटत असेल, तर त्या फॉर्मातून काहीही कळणार नाही. निलंबनाचा अर्थही मर्यादित : महासंघातले सदस्यत्वाचे हक्क गेले, नवा निधी थांबला. संस्था आपल्या देशात होती तिथेच राहिली.

म्हणून मला ओकॅकच्या खोलीइतकीच किंमत एका रुक्ष गोष्टीची वाटते. महासंघाची एक सार्वजनिक माहितीपेढी आहे. प्रत्येक राष्ट्रीय संस्थेने दरवर्षी तिच्यात स्वयंसेवक किती, शाखा किती, उत्पन्न आणि खर्च किती हे भरायचे, आणि वार्षिक अहवाल, आराखडा व लेखापरीक्षित हिशेब द्यायचे. हे आकडेही संस्थांचेच, तेव्हा तपासलेले नव्हेत. पण कोणी हिशेब दिले आणि कोणी दिले नाहीत, हे कोणालाही दिसते. खोलीतले गुण संस्थेपाशी राहतात. रिकामा रकाना सगळ्यांसमोर राहतो, आणि तो ओळखायला कुणा परीक्षकाची गरज लागत नाही.

तिथे भारताचा मिळून एकच आकडा असतो. त्यात लातूरचे स्वयंसेवक किती, सांगलीचे किती, आणि त्यांतल्या कितींनी वर्षात चार तास काम केले, हे त्या माहितीपेढीत शोधून सापडणार नाही. ते विचारायची जागा जिल्हा शाखेची वार्षिक सभा. कुणा काकांनी किंवा आजोबांनी कधीकाळी घेतलेल्या आजीव सदस्यत्वाच्या पावत्या आपल्याकडे बऱ्याच घरांत आहेत. ज्यांच्या स्वतःच्या नावाची पावती आहे, त्यांनी यंदाच्या सभेची तारीख शाखेकडे विचारायला हरकत नाही. आणि सभा शेवटची कधी झाली, तेही.