वृद्धांसाठीचं धोरण शिकायला निघताना

समाजकार्याच्या विद्यार्थ्याला क्षेत्रकार्यासाठी ज्येष्ठ नागरिकांच्या धोरणाचं काम मिळालं की वर्गात त्याचा कुणाला हेवा वाटत नाही. वस्ती, बालकं, मनोरुग्णालय ही खरी कामं. धोरण म्हणजे फायली आणि बैठका, असं धरून चाललं जातं. कोल्हापूर-बेळगावकडून बंगळुरूला एम.एस.डब्ल्यू. करायला येणाऱ्या मुलामुलींना तर घरूनही विचारलं जातं, ‘म्हाताऱ्या माणसांचं करायला एवढं शिकावं लागतं?’ लागतं. का ते सांगण्यासाठी आधी काही गैरसमज दूर करायला हवेत.

पहिला गैरसमज वृद्धाश्रमाचा. ज्येष्ठांची सेवा म्हटलं की आश्रमाची ओसरी आणि सणावाराला फळं वाटणारी मंडळी आठवतात. प्रत्यक्षात आपल्याकडचे बहुतेक वृद्ध घरातच राहतात, जोडीदाराबरोबर किंवा मुलासुनांबरोबर. २०१७-१८ च्या ‘लासी’ या राष्ट्रीय पाहणीनुसार ६० वर्षांवरच्यांपैकी एकटे राहणारे सुमारे ६ टक्के आहेत. म्हणजे छळ झालाच तर तो बहुधा घरच्यांकडून होतो, आणि तक्रार करायची लाज सोसणाऱ्यालाच वाटते. बंगळुरूमध्ये शहर पोलीस आणि नाइटिंगेल्स मेडिकल ट्रस्ट यांनी मिळून २००२ मध्ये १०९० ही ज्येष्ठांची हेल्पलाइन सुरू केली. पोलिसाचा धाक आणि समुपदेशकाचं ऐकून घेणं एकाच ठिकाणी असणं, हीच या कल्पनेतली मोलाची गोष्ट. मुलाला तुरुंगात धाडायची आईची इच्छा नसते. तिला घरात नीट जगायचं असतं.

‘धोरण म्हणजे टेबलावरचं काम’ हा दुसरा समज, आणि माझ्या मते सगळ्यांत घातक. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम २००७ मध्ये आला. कागदावर तो विलक्षण उदार आहे. स्वतःच्या उत्पन्नावर वा मालमत्तेवर भागत नसेल, तर आई-वडील मुलांकडून निर्वाहभत्ता मागू शकतात. त्यासाठी आई-वडिलांचं वय ६० असण्याचीही अट नाही. ज्याला मूलबाळ नाही, अशा ६० वर्षांवरच्या माणसाला त्याची मालमत्ता ज्यांच्याकडे आहे किंवा जाणार आहे, त्या नातेवाइकांकडे हक्क मागता येतो. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल लागायला हवा. अपवाद म्हणून आणखी ३० दिवस. अर्ज करणं जमत नसेल तर ज्येष्ठाने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था तो करू शकते. विद्यार्थ्याचं काम इथे सुरू होतं.

आता यातलंच दुसरं टोक पाहा. भत्त्याची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये आहे. बंगळुरूमध्ये घरभाडं आणि औषधं यांतच ती संपते. ही मर्यादा काढणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. त्याचा कायदा झाला नाही. या अर्जांचा निकाल देणाऱ्या न्यायाधिकरणावर बसणारा अधिकारी वेगळा नेमलेला नसतो. कर्नाटकात ही जबाबदारी उपविभागाच्या असिस्टंट कमिशनरवर असते, म्हणजे जमिनीचे तंटे आणि निवडणुकांची कामं सांभाळणाऱ्यावरच. कलम १७ वकिलाला मज्जाव करतं, म्हणून ज्येष्ठाच्या बाजूने उभं राहायला कलम १८ मध्ये निर्वाह अधिकाऱ्याची तरतूद आहे. (केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कलम १७ अवैध ठरवलं, हेही माहीत असावं.) हा अधिकारी खरोखर नेमला आहे का, त्याच्याकडे आणखी कोणती खाती आहेत, तारखा किती वेळा पुढे ढकलल्या जातात, या प्रश्नांची उत्तरं दाराबाहेरच्या बाकावर बसल्याशिवाय मिळत नाहीत. धोरण शिकायचं ते तिथे.

याच कायद्याचं कलम २३ सर्वांत जास्त ऐकलं जातं आणि सर्वांत चुकीचं सांगितलं जातं. ‘मुलाने विचारलं नाही तर दिलेलं घर परत मिळतं’ हे अर्धंच खरं. कायदा लागू झाल्यानंतर केलेल्या बक्षीसपत्रात किंवा हस्तांतरणात ‘सांभाळ करावा’ ही अट असली पाहिजे. ती असून पाळली गेली नाही, तरच व्यवहार रद्द होऊ शकतो. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुदेश छिकारा प्रकरणात नेमकं हेच सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये ऊर्मिला दीक्षित प्रकरणात याच न्यायालयाने कायद्याचा उदार अर्थ लावला आणि न्यायाधिकरण घराचा ताबा परत देण्याचा आदेशही देऊ शकतं, असं म्हटलं. मृत्युपत्राची गोष्ट वेगळी. ते हयातीत केव्हाही बदलता येतं, त्याला कलम २३ लागत नाही. मार्च २०२५ मध्ये कर्नाटकाचे वैद्यकीय शिक्षणमंत्री शरणप्रकाश पाटील यांच्यापुढे बेळगावच्या सरकारी रुग्णालयात दीडशेहून अधिक वृद्धांना घरच्यांनी सोडून दिल्याची माहिती आली, तेव्हा वर्तमानपत्रांत बक्षीसपत्र आणि मृत्युपत्र ही दोन्ही कागदपत्रं एकाच दमात घेतली गेली. बक्षीसपत्रावर सही करायला निघालेल्या आजींना हा फरक वेळेवर समजावणं हे धोरणाचंच काम आहे, आणि ते दोन वाक्यांत होतं.

पेन्शनबद्दल थोडक्यात. ‘सरकार पेन्शन देतं’ असं म्हणताना कोण किती देतं, हे पाहिलं जात नाही. ६० ते ७९ वयाच्या गरीब वृद्धासाठी केंद्राचा वाटा महिना २०० रुपये आहे, आणि २००७ पासून तो वाढलेला नाही. कर्नाटकाची ६५ वर्षांवरच्यांसाठीची संध्या सुरक्षा योजना १,२०० रुपये देते. ज्येष्ठ नागरिकांसाठी राज्यात वेगळा विभाग आहे, तरी पेन्शनचा अर्ज महसूल खात्याच्या नाडकचेरीत करावा लागतो. हेलपाटे इथूनच सुरू होतात.

बंगळुरूमध्ये हिंदी-इंग्रजीवर भागतं, हा आणखी एक भ्रम. आयटी कंपनीत भागत असेल. नाडकचेरीतला अर्ज कन्नडमध्ये असतो, आणि सत्तरीची बाई आपलं दुःख स्वतःच्या भाषेतच सांगते. ती कन्नड असेल, तमिळ, तेलुगू, दखनी किंवा आपली मराठीही. गांधीनगरचं महाराष्ट्र मंडळ १९२० पासूनचं आहे. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेली मराठी घरंही आता म्हातारी होत आहेत. सीमाभागातल्या मुलांना मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा येतात. हे त्यांचं बळ आहे, त्यांनी ते वापरावं.

शेवटचं, विद्यार्थ्याच्या जागेबद्दल. तो स्वयंसेवक नाही आणि कर्मचारीही नाही. भारतात समाजकार्यकर्त्याला वकील-डॉक्टरसारखा सर्वसाधारण परवाना नाही, त्यामुळे संस्थेतला पर्यवेक्षक आणि कॉलेजातले शिक्षक हेच त्याच्यावरचं बंधन आणि त्याचा आधार. नोंदवहीत कुणाचं नाव किती उघड करायचं, स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची संमती कशी घ्यायची, हे त्यांना विचारावं. न विचारता वचन कुणालाच देऊ नये. ‘तुमचं घर मिळवून देतो’ हे तर कधीच नाही.

रुजू होण्याआधी २००७ चा मूळ कायदा स्वतः वाचा. एकूण ३२ कलमं आहेत, एका संध्याकाळी वाचून होतात.