दमाची शर्यत : ल माँ येथील चोवीस तास

शर्यत हा शब्द कानीं पडतांच मनांत वेगाची कल्पना उभी राहते. शंकरपटांतील बैलजोडी असो, कीं क्रीडादिनीं शंभर मीटर धावणारा विद्यार्थी असो, जो प्रथम रेघ ओलांडतो तो विजयी. परंतु जगांत अशीही एक शर्यत आहे, कीं जींत अंतर ठरलेलें नसतें, वेळ ठरलेला असतो. चोवीस तास मोटार चालवावयाची, आणि तेवढ्या अवधींत जी मोटार सर्वांत अधिक अंतर तोडील ती पहिली. फ्रान्स देशांतील ल माँ या शहराजवळ ही शर्यत भरते. तिची ओळख विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हा विषय आपणांपासून वाटतो तितका दूर नाहीं. हर्सूलहून शहर ओलांडून जालना रस्त्यानें गेलें म्हणजे शेंद्रा येथें मोटारींचा मोठा कारखाना लागतो. तेथें स्कोडाच्या मोटारींबरोबर ऑडी या जर्मन कंपनीच्या मोटारींचीही जुळणी झालेली आहे. याच ऑडी कंपनीनें २००० पासून २०१४ पर्यंत ल माँची शर्यत तेरा वेळां जिंकली.

ही शर्यत प्रथम १९२३ सालीं मे महिन्याच्या २६ व २७ या तारखांस झाली. पश्चिम फ्रान्सांतील एका मोटारमंडळानें ती सुरू केली. त्या काळीं मोटार ही भरंवशाची वस्तु नव्हती. वाटेंत इंजिन बंद पडे, टायर फाटे, रात्रीं दिवे मालवत. तेव्हां कोणती गाडी दिवसा व रात्रीं, पावसांत व धुक्यांत अखंड चालूं शकते याची परीक्षा व्हावी, असा मंडळाचा उद्देश होता. पहिल्या वर्षीं ३३ गाड्या निघाल्या. लागाश व लेओनार या दोघां फ्रेंच चालकांनीं आळीपाळीनें गाडी हाकून २,२०९ किलोमीटर अंतर तोडलें. म्हणजे तासाला सरासरी ९२ किलोमीटर. पुढें २०१० सालीं विजयी गाडीनें ५,४१० किलोमीटर अंतर तोडलें, तेव्हां ही सरासरी २२५ किलोमीटरांवर गेली होती. श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंतचा राजमार्ग सुमारे पावणेचार हजार किलोमीटर आहे. तो संपूर्ण उतरून परतीचीही जवळजवळ निम्मी वाट एका अहोरात्रींत चालून जावें, तसाच हा प्रकार झाला.

आतां ज्या मार्गावर ही शर्यत होते त्याकडे वळूं. सार्थ नांवाच्या जिल्ह्यांत हा मार्ग असून त्याची एक फेरी सध्यां १३.६२६ किलोमीटरांची आहे. त्याचा कांहीं भाग शर्यतीसाठींच बांधलेला आहे. परंतु पुष्कळसा भाग साधा सार्वजनिक रस्ता आहे. वर्षभर त्यावरून गांवकरी, मालमोटारी व प्रवासी ये-जा करतात. शर्यतीच्या वेळीं मात्र तो बंद करून दोहों बाजूंस कठडे लावतात. या मार्गावर सुमारे सहा किलोमीटरांचा एक सरळ पट्टा आहे. १९८८ सालीं तेथें एका गाडीनें ताशीं ४०५ किलोमीटर वेग गांठला; म्हणजे दर सेकंदास ११२ मीटर! हा वेग मनुष्याच्या आवांक्याबाहेर जात आहे असें दिसून आल्यावर १९९० सालीं त्या पट्ट्यांत मुद्दाम दोन ठिकाणीं वांकणें घालण्यांत आलीं.

सरळ पट्ट्याच्या शेवटीं मात्र तीव्र वळण आहे. तेव्हां येथें जोरानें धावण्याइतकेंच वेळेवर थांबणेंही महत्त्वाचें. पूर्वीं मोटारींचे ब्रेक चाकांतील बंद डब्यांत असत. वारंवार दाबल्यानें ते तापत, आंतली उष्णता बाहेर पडत नसे, आणि अखेरीस ब्रेक लागेनासा होई. १९५३ सालीं जॅग्वार कंपनीनें आपल्या गाड्यांना नव्या तऱ्हेचे ब्रेक बसविले. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी उघडी ठेवून तिला दोहों बाजूंनीं चिमट्यासारखें धरावयाचें, अशी ही युक्ति होय. वारा लागून तबकडी निवत राही. त्या वर्षीं जॅग्वारनें शर्यत जिंकली, आणि आज तोच तबकडीचा ब्रेक आपल्या दारापुढील मोटारींत व पुष्कळशा फटफटींतही दिसतो. तसेंच २००६ सालीं डिझेलवर चालणारी ऑडीची गाडी येथें प्रथम विजयी झाली, व २०१२ सालीं इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असलेली ऑडीचीच गाडी पहिली आली. त्याच २०१२ च्या शर्यतींत चेन्नईचे करुण चंढोक यांनीं दोन सोबत्यांसह सहावा क्रमांक मिळविला.

येथें 'सोबती' हा शब्द विशेष ध्यानांत ठेवावा. आज प्रत्येक गाडीला तीन चालक असतात. एकानें सहा तासांच्या अवधींत चार तासांहून अधिक, व एकंदरींत चौदा तासांहून अधिक गाडी चालवूं नये, असा नियम आहे. हा नियम कां आवश्यक आहे हें १९५२ सालच्या एका हकीकतीवरून कळतें. पिएर लव्हेग नांवाच्या फ्रेंच चालकानें त्या वर्षीं सोबती तयार असूनही त्याच्या हातीं गाडी दिली नाहीं. सुमारे तेवीस तास तो एकटाच चालवीत राहिला. तो इतरांच्या बराच पुढें होता. विजय जणूं हातांत आला होता. परंतु शेवट जवळ आला असतां त्याच्या गाडीचें इंजिन मोडलें. थकव्यामुळें गिअर चुकून इंजिन मोडलें, असें पुष्कळांनीं म्हटलें आहे.

तीन वर्षांनीं, ११ जून १९५५ रोजीं, हाच लव्हेग मर्सिडीज गाडी घेऊन पुनः उतरला. मुख्य प्रेक्षकमंचासमोर त्याची गाडी पुढच्या गाडीच्या मागील भागावर चढून बांधावर आदळली, आणि तिचे तप्त तुकडे दाट गर्दींत घुसले. लव्हेग व ऐंशीहून अधिक प्रेक्षक प्राणांस मुकले. मध्यरात्रीं पुढें असतांही मर्सिडीज कंपनीनें आपल्या उरलेल्या गाड्या परत घेतल्या. त्यानंतर तेथील रस्ता रुंद करून प्रेक्षकांच्या जागा सुरक्षित करण्यांत आल्या. मनुष्याला शहाणपण फार मोठ्या किंमतीनें विकत घ्यावें लागतें, हें खरें.

या शर्यतीची सुरुवातही पूर्वीं धोक्याची होती. चालक रस्त्याच्या एका बाजूस उभे राहत, निशाण पडतांच पलीकडील आपल्या गाडीकडे धावत, आणि क्षण वांचविण्यासाठीं कित्येक जण सुरक्षेचा पट्टा न बांधतांच निघत. १९६९ सालीं जाकी इक्स या बेल्जियन तरुणानें या पद्धतीचा निषेध केला. सर्व धावले, तो मात्र सावकाश चालत गेला, शांतपणें पट्टा बांधला, आणि सर्वांच्या मागून निघाला. त्याच फेरींत एक इंग्रज चालक अपघातांत मरण पावला. दुसऱ्या दिवशीं, सुमारे पांच हजार किलोमीटरांनंतर, इक्सचीच गाडी केवळ शंभर-सवाशें मीटरांच्या अंतरानें पहिली आली! पुढल्या वर्षापासून धावत सुटण्याची चाल बंद झाली. पट्टा बांधण्यांत गेलेले क्षण व्यर्थ गेले नाहींत, हें इक्सनें जगास दाखविलें.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या हर्सूलवरून जळगांवकडे जाणारा रस्ता तुमच्या नित्य परिचयाचा आहे. कित्येक तरुणांस त्यावर फटफटी भरधांव सोडण्याचा मोह होतो. त्यांनीं एवढें लक्षांत घ्यावें, कीं ल माँचा रस्ता शर्यतीपूर्वीं बंद करतात, कठडे लावतात, वैद्य व अग्निशामक सिद्ध ठेवतात. आणि इतकें करूनही तेथें माणसें मेलीं आहेत. आपला रस्ता कधींही बंद नसतो. त्यावर शाळेस जाणारीं मुलें असतात, भाजीच्या पाट्या घेतलेल्या बाया असतात, गुरें असतात. पालकांनींही मुलाच्या हातीं गाडी देण्यापूर्वीं त्याचें वय, त्याचा परवाना आणि त्याच्या डोक्यावरचें शिरस्त्राण या तीन गोष्टी पहाव्या.

संत पौलानें विश्वासणाऱ्याच्या जीविताला धावेची उपमा दिली आहे, आणि ती धाव धीरानें शेवटास नेण्यांत त्यानें कृतार्थता मानली. ल माँचाही धडा हाच नव्हे काय? आरंभीं कोण पुढें होता, हें तेथें संध्याकाळींच विसरलें जातें. वेळेवर थांबणारा, सोबत्यास आपलें स्थान देणारा आणि रात्र संपेपर्यंत सावध राहणारा, असाच मनुष्य दुसऱ्या दिवशीं शेवटपर्यंत पोंचतो. आपलें शिक्षणही अशीच दमाची शर्यत आहे. ती दमानें धावा.